रपट्याच्या अलीकडे

घाटंजी तालुक्यातल्या एका नाल्यावर, ऐन फवारणीच्या दिवसांत, एका जीपवाल्याने गाडी थांबवली. गाडीत विषबाधा झालेला माणूस होता. त्याला घाटंजीच्या दवाखान्यात लवकर पोचवायचे होते. रपट्यावर पाणी घोट्याएवढे होते. रपटा म्हणजे पूल नव्हे. नाल्याच्या तळातूनच काढलेला सिमेंटचा रस्ता. पाणी कमी असले की गाड्या त्यातून जातात, वाढले की लोक दोन्ही काठांवर थांबतात. त्या दिवशी थांबण्याजोगे पाणी नव्हते. तरी तो थांबला.

मी त्या जीपमध्ये होतो. गाडी का थांबली हे बाकीच्यांना शेवटपर्यंत पटले नाही. कारण समुद्रापलीकडच्या एका वाळवंटी देशात होते आणि ते पाहिलेली माणसे त्या रपट्यावर दोनच होती, तो आणि मी. त्यामुळे आधी तिकडचे सांगावे लागेल.

तो घाटंजीचा. वडील एका जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाचे दिवस फिरले, जिनिंगला कुलूप लागले आणि मुलाने बसस्टँडमागे गॅरेज टाकले. गॅरेजही धड चालेना, कारण ज्यांच्या गाड्या दुरुस्त करायच्या त्यांच्याच हातात पैसा नव्हता. तेव्हा तो ओमानला गेला, पर्यटकांना फिरवणाऱ्या एका कंपनीत ड्रायव्हर म्हणून. मी त्याच सुमारास मस्कतच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात डेस्कवर होतो. एका उपाहारगृहात मी घरी फोनवर बोलत होतो. बोलणे संपेपर्यंत शेजारच्या टेबलावरचा माणूस चहा हातात धरून थांबला आणि मग त्याने विचारले, "यवतमाळकडचे का तुमी?" तो मला पत्रकारसाहेब म्हणू लागला, मी त्याला भाई. मी त्याच्याहून वयाने मोठा होतो, पण भाई हेच चालू राहिले.

आमच्या वर्तमानपत्राची आठवड्याची एक पुरवणी होती. तीत परदेशी वाचकांसाठी सहलीच्या ठिकाणांवर एक मजकूर जायचा: रस्ता कसा आहे, गाडी कुठपर्यंत जाते, पाण्यात उतरता येते का, सावली कुठे आहे. तो मजकूर माझ्याकडे आला, कारण डेस्कवर दुसऱ्या कोणाला तो नको होता. भाईच्या कंपनीला हंगामाआधी वाटा तपासून हव्या असायच्या. शुक्रवारी सुट्टी. तो गाडी काढायचा, मी शेजारी बसायचो.

त्या देशात बारमाही नदी नाही. डोंगर आहेत, उघडे, राखाडी, झाडाशिवायचे. त्यांच्यामधून दऱ्या निघतात आणि समुद्राकडे किंवा वाळूकडे जातात. त्यांना वादी म्हणतात. वादी बहुतेक दिवस कोरडी असते. पांढरे गोटे, मधूनच बाभूळ, उंटांच्या वाटा. काही वाद्यांत मात्र वर गेले की कातळाच्या फटीत पाणी सापडते, हिरवे, खोल, इतके स्वच्छ की तळाचे दगड मोजता यावेत. त्यात बोटाएवढे मासे असतात. पाय सोडून बसले की ते टाचेची कातडी टोचतात. काठाला कण्हेर फुललेली असते, तीच आपल्याकडची, गुलाबी. तो पहिल्यांदा मला दाखवताना म्हणाला होता की आपल्या पोलीस ठाण्याच्या कुंपणाला असते ती इथे जंगलात उगवते.

आम्ही बऱ्याच वाद्या पाहिल्या. एकीत खजुराच्या बागा पायऱ्यापायऱ्यांनी डोंगरावर चढल्या होत्या आणि त्यांना पाणी देणारे अरुंद पाट कातळाच्या कडेने मैलभर आणलेले होते. आम्ही त्या पाटाच्या कठड्यावरून चालत गेलो. एकीत मातीच्या घरांचे सोडून दिलेले गाव होते. दारांच्या चौकटी लोकांनी काढून नेल्या होत्या. एका ठिकाणी जमीन गोल आत बसली होती आणि तळाशी समुद्राचे पाणी होते. एका ठिकाणी गरम पाण्याचा झरा होता. त्यात त्याने हात घातला, लगेच काढला नाही, आणि आपल्या उनकेश्वरचे पाणी याच्याहून गरम असते असे सांगितले. हे तो प्रत्येक ठिकाणी करायचा. सगळ्याला घाटंजी, मुकुटबन, पैनगंगा यांचे माप लावायचा. मी ते मजकुरातून वगळायचो.

वादीची एक गोष्ट मात्र तो कशाशीच ताडून पाहत नसे. वर कातळात, माणसाच्या दुप्पट उंचीवर, फटीत अडकलेले खजुराचे खोड दिसायचे. बाभळीच्या शेंड्याला प्लास्टिकच्या पिशव्या, वाळलेले गवत, एकदा लहान मुलाची सायकल. तिथवर पाणी आलेले असे. तो गाडीतून उतरला की आधी ही खूण शोधायचा. गाडी कधीही वादीच्या पात्रात लावायचा नाही. पर्यटकांना सावली हवी असायची आणि सावली पात्रातच असायची. त्यावरून त्याची आणि त्यांची कुरबूर व्हायची. एका बागेच्या म्हाताऱ्या मालकाने त्याला सांगून ठेवले होते: डोक्यावरचे आभाळ पाहू नकोस, डोंगरावरचे पाहा. पाण्याचा रंग फिरला की थांब. काडीकचरा वाहत आला की जागचा हलू नकोस. तो हे मला इतक्या वेळा ऐकवायचा की मी ते एका मजकुराच्या शेवटी चौकटीत टाकले.

एका शुक्रवारी दुपारनंतर आम्ही परत येत होतो. डांबरी रस्ता वादीचे पात्र ओलांडतो अशी जागा होती. तिथे दोन्ही बाजूंना तांबडे-पांढरे खांब रोवलेले असतात, पाणी किती आहे हे कळावे म्हणून. रस्त्यावर पाण्याची पातळ चादर होती. आमच्या डोक्यावर ऊन होते. मागे डोंगरावर आभाळ काळे होते. पाणी चहासारखे झाले होते आणि त्यावर काटक्या होत्या. त्याने गाडी थांबवली.

मागून एक पांढरी मोटार आली. आत चार माणसे होती. त्यांनी हॉर्न वाजवला. त्याने काच खाली करून हाताने थांबा असे केले. मोटार काही वेळ थांबली, मग बाजूने पुढे गेली. ती मधोमध असताना आवाज आला. ट्रकमधून गिट्टी रिकामी करताना येतो तसा, पण तो थांबत नव्हता. मग पाणी वळणावरून आले. त्याला पुढे तोंड होते, कमरेएवढे, तपकिरी, आणि त्यात दगड होते. मोटार आडवी झाली आणि गेली. दोघे जण खालच्या बाजूला एका बाभळीला धरून राहिले. त्यांना संध्याकाळी काढले. उरलेले दोघे दुसऱ्या दिवशी समुद्राजवळ सापडले. मोटार सापडल्याचे मी ऐकले नाही.

त्याची बातमी माझ्याच टेबलावर आली. चार ओळी. मी शीर्षक दिले आणि पान सोडले. त्या रात्री तो खोलीवर आला. म्हणाला, "मी गाडी आडवी लावाले पायजे होती." रस्ता रुंद होता, आडवी लावूनही ते बाजूने गेले असते, असे मी म्हणालो. त्याने ते ऐकले की नाही, माहीत नाही.

पुढच्या वर्षी त्याच्या वडिलांना पक्षाघात झाला आणि तो परतला. माझा करार संपला, मीही परतलो आणि यवतमाळला जिल्हा वार्ताहर झालो. त्याने जुनी जीप घेतली आणि घाटंजीहून आतल्या गावांकडे प्रवाशांच्या सीटा मारू लागला.

ते वर्ष कापसाला वेगळेच होते. कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती आणि बोंडात अळी होती. लोक फवारणीवर फवारणी करत होते. उंच पिकात पंप घेऊन शिरले की औषध वर उडते आणि परत तोंडावर पडते. सरकारी दवाखान्यात डोळ्यांपुढे अंधार आलेली, उलट्या करणारी माणसे येऊ लागली. बहुतेक मजूर होते; दुसऱ्याच्या शेतात रोजाने पंप मारणारे. मी त्यांच्या बातम्या करत होतो. त्या दिवशी अशाच एका बातमीसाठी आतल्या एका गावी गेलो होतो आणि परतीला त्याच्याच जीपची वाट पाहत होतो. आकाश स्वच्छ होते. पावसाने मोठा खंड दिला होता आणि काळ्या जमिनीला हात जाईल अशा भेगा पडल्या होत्या.

जीप आली तेवढ्यात शेताकडून एका माणसाला दोघे धरून आणत होते. पस्तिशीचा असेल. अंगावरचा शर्ट काढलेला, पाठीवर पंपाच्या पट्ट्यांचे वळ. तोंडातून लाळ गळत होती, घाम सुटला होता, दंडाचे स्नायू आपोआप उडत होते. त्याची बायको सोबत होती. तिने त्याला अंघोळ घातली होती आणि चिंचेचे पाणी पाजले होते. ते त्याने ओकून टाकले होते. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन झाला होता. ती दुसऱ्या गावाला गेलेली होती. जीपमधल्या दोन बाया आपणहून उतरल्या. मधल्या सीटवर त्याला आडवे केले. बायको त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली. मागे एक म्हातारा शेतकरी आणि एक तरुण राहिला. मी पुढे. गाडीत औषधाचा वास भरला.

तो वेगाने चालवत होता. रस्ता वाईट असूनही त्याने कुठे वेळ घालवला नाही. हे नोंदवणे आवश्यक आहे, कारण पुढे गावात उलटे बोलले गेले.

रपट्यापाशी त्याने ब्रेक लावला. आमच्या डोक्यावर ऊन होते. वरच्या अंगाला सागाच्या जंगलाचे डोंगर आहेत. त्यांच्यावर काळे होते. रपट्यावरून पाणी वाहत होते, घोट्याएवढे, पण ते गढूळ होते आणि त्यावर सागाची पाने आणि काटक्या येत होत्या. मी ते पाहिले आणि तो काय पाहत आहे हे मला कळले.

"काहून थांबला, भाई?" मागच्या तरुणाने विचारले.

त्याने वरून पाणी येत असल्याचे सांगितले. थोडा वेळ थांबू म्हणाला. तरुणाने मान बाहेर काढून पाणी पाहिले आणि हसला. इतक्या पाण्यात बकरी जाते, असे तो म्हणाला. मग म्हाताऱ्याला उद्देशून, मोठ्याने: "अरबस्तानातून आला तं पाण्याले भेऊन राह्यला. तिथी नुसती रेती पाह्यली ना यानं."

म्हातारा हसला नाही. त्याने खाली उतरून पाण्यात पाय घातला आणि परत आला. "बाबू, जमीन लय दिवसाची तहानली हाय," तो म्हणाला. "इतक्या लवकर नाई येत पूर. काढ गाडी."

त्याने गाडी काढली नाही. दोन्ही हात स्टीअरिंगवर होते. तो वळणाकडे पाहत होता. तरुणाने मला विचारले की तुम्ही तरी सांगा. मी ओमानातले जे पाहिले होते ते थोडक्यात सांगितले. सांगून झाल्यावर ते त्या जागी किती लांबचे वाटते आहे हे माझ्याही लक्षात आले. समोरून एक मोटारसायकल आली, रपट्यावरून पाणी उडवत पार झाली आणि आमच्या बाजूने निघून गेली. त्यानंतर एक बैलगाडी आली.

मधल्या सीटवर तो माणूस घोरल्यासारखा श्वास घेऊ लागला.  बायकोने पदराने त्याचे तोंड पुसले.

"भाऊ," ती म्हणाली, "याईले काई होईन तं मी कोनाले बोलू? पान्याले?"

भाई वळला. त्याचा चेहरा मला दिसत होता, तिला तर दिसतच होता. "ताई, सगळेच जाऊ आपन," तो म्हणाला. "मी पाह्यलं हाय. दोन मिनिटात येते थे."

पाणी आले नाही. दहा मिनिटे, मग आणखी तेवढीच. पाने येत राहिली, काटक्या येत राहिल्या, घोट्यावरचे पाणी घोट्यावरच राहिले. अखेर तरुण उतरला आणि त्याने चादर मागितली. तरुण, बायको आणि मी, आम्ही तिघांनी त्या माणसाला चादरीत घेतले आणि रपट्यावरून पायी पलीकडे नेले. म्हातारा पुढे चालत होता आणि निसरडी जागा सांगत होता. पलीकडे एक मोटारसायकलवाला थांबवला. रुग्णाला त्याच्या मागे बसवले, मागून तरुणाने त्याला कवेत धरले, आणि ते तसे तिघे घाटंजीकडे गेले. रस्त्यावर खड्डे होते. त्याची मान प्रत्येक खड्ड्याला पुढच्याच्या खांद्यावर आपटताना लांबपर्यंत दिसत होती. बायको त्यांच्यामागे पळत गेली, मग चालू लागली. मी आणि म्हातारा तिच्यासोबत चाललो. अलीकडच्या काठावर जीप उभी होती आणि तो तिच्या बाहेर, बॉनेटला टेकून, पाण्याकडे पाहत उभा होता.

घाटंजीला रुग्णाला इंजेक्शने दिली आणि यवतमाळला पाठवले. तिथे तो अतिदक्षता विभागात होता. मी डॉक्टरांना विचारले की अर्ध्या तासाने फरक पडला असेल का. डॉक्टर म्हणाले की विष किती गेले, कधीपासून जात होते, ते कोणालाच माहीत नाही, तेव्हा अर्ध्या तासाचे सांगता येणार नाही. मग त्यांनी विचारले की हे छापणार का. नाही म्हणालो. जे सांगता येत नाही ते छापता येत नाही.

संध्याकाळी भाईचा फोन आला. दिवस मावळताना पाणी वाढले होते. रपट्याच्या कडेला चुना लावलेले दगड असतात, त्यांच्या निम्म्यापर्यंत. "गुडघ्याएवढं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने: "त्यातूनबी जीप गेली असती."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला नाल्यावर बोलावले. कशासाठी ते सांगितले नाही. तो रपट्यापाशी पायात बूट घालून उभा होता, ओमानात घालायचा तेच. आम्ही नाल्याच्या कडेने वर चालू लागलो. शुक्रवारी वाद्यांमध्ये जसे चालायचो तसेच; तो पुढे, मी मागे, आणि तो दोन्ही काठांवर खुणा शोधत होता.

मी त्याच तालुक्यात वाढलो, पण तो नाला वरपर्यंत कधी पाहिला नव्हता. त्यानेही नव्हता. खालच्या भागात पाहण्यासारखे काही नाही. काळ्या मातीचे उभे काठ, बेशरमाची झुडपे, कोणीतरी टाकलेले औषधाचे रिकामे डबे. नंतर नाला पसरट होतो. दोन्ही बाजूंना कापसाची सपाट शेते. तिथे पोचलो आणि तो थांबला. शेतांचे धुरे, म्हणजे बांध, फुटले होते. कापसात पाणी उभे होते, आमच्या गुडघ्याएवढे, आणि हलत नव्हते. कडेला बुडबुडे येत होते. जमिनीच्या भेगा अजून पाणी आत घेत होत्या. आम्ही धुऱ्यावरून कडेकडेने पुढे गेलो. शेते संपली, डोंगर जवळ आला, नाला अरुंद झाला आणि कातळ लागला. तिथे गवत एका दिशेला झोपलेले होते. दगडांची जागा बदललेली होती. ओल्या बाजू वर आल्या होत्या. सागाच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात एक आख्खे खोड अडकले होते. त्याने हात वर केला. खोड हाताच्या वर होते.

"आलता," तो म्हणाला. "पाहा. आलता ना?"

आला होता. वाद्यांत आम्ही पाहिल्या त्यांतल्या कुठल्याही खुणेशी ती ताडता आली असती. डोंगरातून लोंढा निघाला होता, त्याने खोड उचलले होते, आणि खाली येऊन तो कापसाच्या शेतांमध्ये शिरला होता. महिनाभर तापलेल्या जमिनीने तो आधी पिऊन घेतला. रपट्यापर्यंत आली ती पाने आणि काटक्या.

तो कातळावर बसला. त्याने मला त्या खोडाचा फोटो काढायला सांगितला. मी काढला. हे पेपरात येऊ शकते का, असे त्याने विचारले. गावात लोक जे बोलत आहेत त्याला उत्तर म्हणून. मी त्याला सांगितले की बातमी माणूस दवाखान्यात आहे याची होईल, किती जण दाखल झाले याची होईल. जीप का थांबली याची होणार नाही.

"तिथी दगड हाय," तो म्हणाला. "पानी थांबाले जागाच नाई. अठी माती हाय, हे काय मले मालूम नोयतं? मी अठीचाच ना, बे?" त्याने आयुष्यात पहिल्यांदा मला बे म्हटले होते. "थ्या बुढ्यानं सांगतलं तरी ऐकलं नाई मी."

परत येताना त्याने खुणा पाहिल्या नाहीत.

तो माणूस काही दिवसांनी यवतमाळच्या दवाखान्यातच वारला. मी मृतांच्या बातमीत त्याचा समावेश केला. त्याच्या गावातले लोक भाईच्या जीपमध्ये बसेनासे झाले. कोणी त्याला शिवी दिली नाही, कोणी मारायला आले नाही. थांब्यावर तो पुढे असला तरी मागच्या गाडीत जाऊन बसायचे, एवढेच. बाजारात पोरे त्याला पाहून पँट गुडघ्यापर्यंत वर करायची. तरुण, ज्याने रुग्णाला मोटारसायकलवर धरून नेले होते, तो मात्र या थट्टेत नसायचा. का ते मी त्याला विचारले नाही.

राख शिरवण्याचा, म्हणजे नदीत सोडण्याचा, दिवस नेमका घाटंजीच्या आठवडी बाजाराचा आला. सगळ्या जीपा बाजाराला लागलेल्या. घरच्यांनी पैनगंगेला जायला गाडी शोधली, मिळाली नाही. मयताच्या मेव्हण्याने मला फोनवर सांगितले की एकच गाडी रिकामी आहे आणि ती कुठली हे तुम्हाला माहीत आहे. घरात त्यावर बोलणे झाले. शेवटी बायकोच म्हणाली की तीच बोलवा. तिने यावे अशी पद्धत त्यांच्यात नव्हती. तिला थांबवायचा प्रयत्न झाला. ती गाडीत जाऊन बसली.

मी त्यांच्या घरी गेलो होतो, मला जागा दिली. पुढे मेव्हणा मडके मांडीवर घेऊन, मागे ती, तिचा सासरा आणि मी. भाईने सगळ्यांना बसताना पाहिले आणि गाडी सुरू केली. गाडीत अजूनही औषधाचा वास होता. सीट धुतलेली होती, तरी होता.

रपट्यावर पाणी नव्हते म्हटले तरी चालेल. मधोमध एक ओली पट्टी होती. तो थांबला. सवयीने थांबला असावा. ब्रेक दाबल्यावर त्याच्या लक्षात आले आणि त्याची मान खाली गेली. पण गाडी थांबली ती थांबलीच. मेव्हण्याने मडक्यावरचा हात घट्ट केला. सासरा खिडकीतून दुसरीकडे पाहू लागला.  भाई दार उघडून उतरला, चार पावले गेला, वळणाकडे पाहिले, डोंगराकडे पाहिले, आणि परत यायला वळला तर तिची नजर त्याच्यावर होती.

"पाहून घ्या, भाऊ," ती म्हणाली. "आता काई घाई नाई."

ती हे टोचून बोलली की साधेपणाने, हे मला तेव्हा कळले नाही आणि नंतरही ठरवता आले नाही. आवाजात चढ नव्हता. तो तिथेच उभा राहिला. मग आत बसला, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि चालण्याच्या वेगाने रपटा ओलांडला.

पैनगंगेला त्या वर्षी पाणी कमी होते. नदी पलीकडच्या काठाला सरकलेली, अलीकडे गाळ आणि उथळ डबकी. मेव्हणा आणि सासरा पाण्यात उतरले. राख टाकली ती पुढे गेली नाही. पाण्यावर करडा थर धरून काठाशीच राहिली. मेव्हण्याने हाताने पाणी लोटले, थर फाटला आणि परत जुळला. मडक्यात अजून निम्मी राख होती. बायको पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभी होती आणि त्या थराकडे पाहत होती.

भाई वर जीपपाशी होता. तो काठावर आला. बराच वेळ त्याने नदी पाहिली, वर आणि खाली. मग हात लांब करून पलीकडचा एक काळा खडक दाखवला.

"थ्या गोट्याच्या मागं टाका," तो म्हणाला. "थिथी धार हाय."

मेव्हण्याने सासऱ्याकडे पाहिले. सासऱ्याने तिच्याकडे. तिने मडके मेव्हण्याच्या हातातून घेतले आणि ती स्वतः चालत गेली, कमरेपर्यंत, त्या खडकाच्या मागे. मडके तिरपे केले. राख पडली, एकदा फिरली आणि निघून गेली.